उर्दू दप्तरापासून ई-केवायसीपर्यंत: हिंगोली जिल्ह्यातील समाजकल्याण सेवांची भाषा आणि अपंगांचा संवादाधिकार

प्रस्तावना

शासन आणि नागरिक यांच्यातील व्यवहार हा प्रामुख्याने भाषेचा व्यवहार असतो. योजना कितीही उदात्त हेतूने आखलेली असली तरी तिची माहिती, तिचा अर्ज, तिची मंजुरी किंवा नामंजुरी हे सर्व कोणत्या ना कोणत्या भाषेतून आणि माध्यमातूनच नागरिकापर्यंत जाते. ती भाषा ज्याला कळत नाही, किंवा ते माध्यम ज्याच्या इंद्रियांना उपलब्ध नाही, त्याच्यासाठी योजना अस्तित्वात असूनही नसल्यासारखीच असते.

मराठवाड्याच्या बाबतीत हा प्रश्न नवा नाही. मराठी बोलणाऱ्या या प्रदेशाने उर्दू भाषेतील राज्यकारभार दीर्घकाळ अनुभवला आहे. आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणे, आपली तक्रार दुसऱ्याच्या लेखणीतून मांडावी लागणे, ही परावलंबनाची स्थिती येथील आजोबा-पणजोबांच्या पिढीला परिचित होती. मराठी राजभाषा झाल्यानंतर बहुसंख्यांची या स्थितीतून सुटका झाली. परंतु कर्णबधिर, दृष्टिहीन, वाचादोष असलेल्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची सुटका झाली का, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. प्रस्तुत शोधनिबंधात हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्यात आला आहे.

उद्दिष्टे

१) हिंगोली परिसरातील प्रशासनाच्या भाषेत झालेल्या स्थित्यंतराचा आढावा घेणे.
२) अपंगविषयक कायद्यांमध्ये 'संवाद' या संकल्पनेला स्थान कसे मिळत गेले ते पाहणे.
३) शासकीय संवादाच्या बदलत्या माध्यमांचा अपंग व्यक्तींवर झालेला परिणाम तपासणे.
४) राजभाषा मराठीच्या अंमलबजावणीतून या प्रश्नासाठी काय शिकता येईल ते सुचविणे.

अभ्यासपद्धती व संज्ञा

या लेखनासाठी ऐतिहासिक आणि वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, जनगणना आणि शासकीय योजना यांविषयीच्या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. काही ठिकाणी प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली आहे. '१९९५ च्या कायद्यातील 'अपंग' हा शब्द त्या काळाच्या संदर्भात तसाच ठेवला असून अलीकडील काळासंबंधी 'दिव्यांग' हा शासकीय व्यवहारातील शब्द वापरला आहे. नाव बदलले म्हणून प्रश्न बदलतोच असे नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

संस्थानी काळातील दप्तर आणि अर्जनवीस

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. तत्पूर्वी हा प्रदेश परभणी जिल्ह्याचा आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता.

हैदराबाद संस्थानात प्रारंभी फारसी ही कारभाराची भाषा होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणूनही उर्दूचा स्वीकार केला. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू, जवळपास चौथा हिस्सा मराठी आणि सुमारे दहावा हिस्सा कन्नड भाषक होता, हे लक्षात घेतल्यास राज्यकर्ते आणि रयत यांच्यातील भाषिक अंतराची कल्पना येते. गावपातळीवर पटवारी, माली पटेल आणि पोलीस पटेल हे या दोन भाषांमधील दुवे होते. तहसीलीच्या दारात बसणारा अर्जनवीस हा असाच दुसरा दुवा. रयतेने मराठीत सांगायचे, अर्जनवीसाने उर्दूत लिहायचे आणि अर्जदाराने न वाचता अंगठा उमटवायचा, असा हा व्यवहार होता.

या व्यवहारात तीन गोष्टी अर्जदाराच्या हातून निसटत असत. पहिली म्हणजे पैसा, कारण दुभाष्याला मोबदला द्यावा लागे. दुसरी खासगीपणा, कारण घरातील अडचण परक्यासमोर उघड करावी लागे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे संमती, कारण कागदावर नेमके काय लिहिले गेले याची खात्री अर्जदाराला कधीच देता येत नसे. या तिन्ही गोष्टी आजच्या विवेचनातही पुन्हा पुन्हा समोर येतील.

त्या काळाच्या खुणा प्रशासकीय मराठीत आजही आहेत. अर्ज, दाखला, तहसील, जिल्हा, तारीख, मंजूर, दप्तर हे शब्द आपण परके मानीत नाही. निराधार योजनेच्या लाभार्थ्याला जो 'हयातीचा दाखला' द्यावा लागतो त्यातील 'हयात' हा शब्दही याच परंपरेतून आलेला आहे. शब्द परका असूनही वापराने आपला होतो. अडचण शब्दाच्या कुळाची नसते, तो कानावर वा डोळ्यांपुढे येण्याची संधी मिळते की नाही याची असते.

मोजलेली परंतु न बोललेली माणसे

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांमध्ये वेडे, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी यांची स्वतंत्र गणना केली जात असे. हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ मध्ये झाली. १९४१ ते १९७१ या चार जनगणनांत अपंगत्वाची नोंद थांबली. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते आणि त्या वर्षीच्या जनगणनेत हा प्रश्न पुन्हा आला. १९९१ मध्ये तो वगळला गेला आणि २००१ पासून परत समाविष्ट झाला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. त्या वेळी हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि तिचा फार मोठा भाग ग्रामीण होता.

या दीर्घ इतिहासात एक विसंगती दिसते. राज्यसंस्थेने या माणसांना मोजले, पण त्यांच्याशी बोलण्याची व्यवस्था केली नाही. कर्णबधिर व्यक्तीची नोंद घेताना माहिती घरातील ऐकणाऱ्या माणसाकडून घेतली गेली. ती व्यक्ती स्वतः काय सांगू इच्छिते हे विचारण्याचे साधन गणकाकडे नव्हते.

शिक्षणाच्या क्षेत्रातही मराठवाडा मागे राहिला. मुंबईत कर्णबधिरांसाठी १८८० च्या दशकात आणि अंधांसाठी १९०० च्या सुमारास शाळा सुरू झाल्या. मात्र १८८० च्या मिलान येथील परिषदेनंतर जगभर कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांऐवजी ओठवाचन व उच्चार यांवर भर देण्यात आला आणि भारतातील शाळाही दीर्घकाळ त्याच मार्गाने गेल्या. परिणामी खेड्यातील अनेक कर्णबधिर प्रौढांना ना पुरेशी लिखित मराठी अवगत झाली, ना प्रमाण सांकेतिक भाषा. घरातल्या घरात घडलेल्या मोजक्या खुणा हीच त्यांची भाषा राहिली. त्या खुणा आई, भाऊ वा शेजारी यांच्यापलीकडे कोणाला कळत नाहीत.

राजभाषा मराठी: एक यशस्वी स्थित्यंतर

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. त्यानंतर 'महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४' संमत झाला. 'पदनाम कोशा'तील संस्कृतप्रचुर शब्दांवर त्या काळी बरीच टीका झाली आणि ती सर्वस्वी चुकीची होती असे म्हणता येत नाही. सामान्य माणसाला 'कलेक्टर' कळत होता, त्याच्या जागी नवा शब्द त्याला शिकावा लागला.

असे असले तरी या स्थित्यंतराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. केवळ कायदा करून शासन थांबले नाही. कोश तयार करण्यात आले. अमराठी कर्मचाऱ्यांसाठी मराठी भाषा परीक्षा ठेवण्यात आल्या. मराठी टंकलेखन व लघुलेखनाचे प्रशिक्षण सुरू झाले. नमुने, फॉर्म आणि नियमपुस्तके भाषांतरित झाली. थोडक्यात, नागरिकाने शासनाची भाषा शिकावी ही अपेक्षा सोडून शासनाने नागरिकाची भाषा शिकावी हे तत्त्व येथे स्वीकारले गेले आणि त्यासाठी मनुष्यबळ व पैसा खर्च करण्यात आला.

हे तत्त्व अपुरे मात्र राहिले. 'नागरिकाची भाषा' म्हणजे ऐकू येणाऱ्या, दिसणाऱ्या आणि वाचता येणाऱ्या नागरिकाची मराठी, असे न बोलता गृहीत धरले गेले. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार तक्रार निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु जिची भाषा खुणांची आहे तिने निवेदन कसे द्यावे, याचे उत्तर त्यात मिळत नाही. हिंगोली जिल्ह्यात मराठीखेरीज उर्दू, हिंदी आणि बंजारा बोलणारी कुटुंबे आहेत. अशा कुटुंबातील अपंग व्यक्तीसमोर तर दुहेरी भिंत उभी राहते.

कायद्यातील 'संवाद'

१९८० मध्ये राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. तिच्या लाभार्थ्यांत अपंग व्यक्तींचा समावेश होता. अर्ज तहसील कार्यालयात आणि निवड तालुका पातळीवरील समितीमार्फत, अशी तिची रचना राहिली. या योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. रक्कम वाढत गेली. ती मिळविण्यासाठी करावयाच्या संवादाची रीत त्या प्रमाणात बदलली नाही.

'अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५' हा या क्षेत्रातील पहिला सर्वंकष केंद्रीय कायदा होय. त्यात सात प्रकारचे अपंगत्व मान्य करण्यात आले. शिक्षण, नोकरी, आरक्षण यांवर त्याचा भर होता. सुगम्यतेचा विचार रस्ते, वाहने, इमारती, सिग्नलवरील ध्वनी, उद्वाहनातील ब्रेल खुणा यांपुरता होता. शासकीय कार्यालयाने अपंग व्यक्तीशी बोलावे कसे, हा विषय त्यात जवळजवळ नव्हता. उतारवाट झाली म्हणजे कार्यालय सुगम्य झाले, ही समजूत याच काळात रूढ झाली असावी.

१३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. या कराराने 'संवाद' आणि 'भाषा' यांची व्याख्या केली आणि सांकेतिक भाषेला भाषा म्हणून स्थान दिले. त्याला अनुसरून आलेला 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे प्रकार २१ झाले. ब्रेल, स्पर्शाद्वारे संवाद, खुणा, ठळक मोठी अक्षरे, सोपी भाषा यांचा 'संवादा'च्या व्याख्येत समावेश झाला. कलम ४२ नुसार ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशातील संज्ञा दहा हजारांवर पोहोचल्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण करण्यात आला.

यावरून असे दिसते की, कायद्याच्या पातळीवर 'संवाद' हा शब्द यायला स्वातंत्र्यानंतर जवळपास सत्तर वर्षे लागली.

दवंडीपासून ई-केवायसीपर्यंत

कायद्याचा इतिहास राजधानीत घडतो. माध्यमाचा इतिहास गावात घडतो. गावातील शासकीय संवादाचे जुने माध्यम म्हणजे दवंडी. कोतवालाने दिलेली दवंडी अंध व्यक्तीला ऐकू येत असे, कर्णबधिराला नव्हे. चावडी वाचनाचेही तसेच. त्यानंतर ग्रामपंचायत व तहसीलीच्या सूचना फलकाचे महत्त्व वाढले. येथे स्थिती उलट झाली. फलक साक्षर कर्णबधिराला वाचता येतो, अंधाला नाही आणि निरक्षराला तर मुळीच नाही. प्रत्येक नव्या माध्यमाने काहींना आत घेतले आणि काहींना बाहेर ठेवले. जुने माध्यम मागे पडताना त्यावर अवलंबून असलेल्यांचा विचार सहसा झाला नाही.

संगणकीकरणाने हीच गोष्ट पुढे नेली. दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचक आज्ञावलीच्या साहाय्याने संगणक ऐकू शकते. तथापि शासकीय मराठी मजकूर दीर्घकाळ युनिकोडबाह्य फाँटमध्ये टंकलिखित होत असे. डोळ्यांना तो मराठी दिसे, यंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरे वाटत. युनिकोडमुळे ही अडचण कमी झाली, पण सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून टाकलेले परिपत्रक हे यंत्राच्या दृष्टीने अजूनही केवळ एक चित्र असते.

त्यानंतर ओळख पटविण्याचे टप्पे आले. बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बाहुल्या, भ्रमणध्वनीवरील सांकेतिक क्रमांक, कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटणे यांतील प्रत्येक कृती विशिष्ट शरीर गृहीत धरते. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच मुद्दा विचारात घेतला आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून ई-केवायसी प्रक्रिया सुगम्य करण्याचे निर्देश दिले.

येथे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक प्रसंग नोंदवावासा वाटतो. मराठवाड्यातील एका कार्यालयात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या वृद्धांच्या रांगेत एक कर्णबधिर स्त्री भिंतीला टेकून बसली होती. खिडकीतून तिचे नाव तीनदा पुकारले गेले. चौथे नाव पुकारले गेले आणि तिचा कागद बाजूला ठेवला गेला. ती पाच हातांवर होती, हयात होती आणि खिडकीकडेच पाहत होती. शेजारच्या एका बाईने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिला आपली पाळी गेल्याचे कळले. त्या लिपिकाच्या वागण्यात दुष्टपणा नव्हता. त्याला शिकविलेली रीत एवढीच होती की नाव पुकारावे आणि न आल्यास पुढे जावे. रीतच अशी होती की तिच्यात ती स्त्री बसत नव्हती.

अशा वेळी नातेवाईक दुभाषा होतो. त्याचे उपकार नाकारता येत नाहीत, परंतु अर्जनवीसाच्या काळात जे तीन तोटे होते ते येथेही उद्भवतात. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, व्यक्तीचा खासगीपणा संपतो आणि अनुदान कोणत्या खात्यात जाते, कशावर अंगठा दिला, हे तिला स्वतःला कळत नाही. घरातूनच फसवणूक वा छळ होत असेल तर ती कोणाच्या तोंडून सांगणार? बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये पालक नेमण्याची तरतूद आहे. कर्णबधिर प्रौढ मात्र पूर्णतः सक्षम असूनही व्यवहारात अघोषित पालकत्वाखाली जगतात.

एक बोलके उदाहरण

खर्च आणि मनुष्यबळ नाही, असे या संदर्भात नेहमी सांगितले जाते. या आक्षेपाला अलीकडचा इतिहास उत्तर देतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी दप्तरे उर्दू आणि मोडीत असल्याचे आढळले. शासनाने उर्दू व मोडी जाणकारांची मदत घेतली, कागद वाचून घेतले, भाषांतरे केली. म्हणजे शासनाला स्वतःला एखादी भाषा वाचायची गरज पडली तेव्हा दुभाषे उपलब्ध झाले. मृत कागदाशी बोलण्यासाठी जी तत्परता दाखविता येते ती समोर बसलेल्या जिवंत माणसाशी बोलण्यासाठी दाखविता येणार नाही, असे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

निष्कर्ष

१) हिंगोली परिसरात प्रशासनाची भाषा फारसी, उर्दू आणि मराठी अशी बदलत गेली. शेवटच्या बदलाने बहुसंख्यांचे भाषिक परावलंबन संपविले, तथापि अपंग व्यक्तींचे संपविले नाही.
२) संस्थानी काळातील अर्जनवीस आणि आजचा नातेवाईक-दुभाषा यांच्या भूमिकेत लक्षणीय साम्य आहे.
३) कायद्याने सुगम्यतेचा विचार आधी इमारतीच्या आणि फार उशिरा संवादाच्या अंगाने केला.
४) कोणतेही एक माध्यम सर्वांसाठी पुरेसे नसते. नवे माध्यम आणताना जुने काढून घेणे हे नव्या वंचनेचे कारण ठरते.

सूचना

राजभाषेच्या अंमलबजावणीत जी साधने वापरली गेली तीच येथेही उपयोगी पडतील. कोशाच्या धर्तीवर तहसील व समाजकल्याण कार्यालयांसाठी नेहमीच्या शंभर-दीडशे व्यवहारांचा चित्र व खुणांचा संच तयार करता येईल. ज्यांना प्रमाण सांकेतिक भाषा येत नाही त्यांनाही चित्रांचा उपयोग होईल. भाषा परीक्षेच्या धर्तीवर खिडकीवरील कर्मचाऱ्यांना प्राथमिक सांकेतिक भाषेचे प्रशिक्षण देता येईल. जिल्हा पातळीवर दुभाष्यांची यादी ठेवावी आणि त्यांचे मानधन शासनाने द्यावे. प्रत्येक अर्जात 'आपणाशी कोणत्या पद्धतीने संवाद साधावा' असा एक रकाना असावा. नाव पुकारण्यासोबत क्रमांकही दिसावा. सूचना फलकावर लागावी आणि तिची दवंडीही व्हावी. परिपत्रके वाचता येण्याजोग्या युनिकोड मजकुरात आणि सोप्या मराठीत प्रसिद्ध करावीत.

यांतील बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांना आणि भाषा व समाजशास्त्र विभागांना यात सहभाग घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील कर्णबधिर व्यक्तींच्या घरगुती खुणा नोंदविल्या तरी एक मौलिक साधन तयार होईल.

समारोप

आपला कारभार आपल्या भाषेत चालावा ही मराठवाड्याची मागणी एके काळी न्याय्य मानली गेली आणि ती पूर्ण झाली. त्या मागणीचा अर्थ केवळ उर्दूच्या जागी मराठी एवढाच नव्हता. शासनाचे म्हणणे मला मध्यस्थाविना कळावे आणि माझे म्हणणे शासनाला मध्यस्थाविना कळावे, हा तिचा गाभा होता. हा हक्क खिडकीसमोर बसलेल्या, स्वतःचे नाव ऐकू न येणाऱ्या त्या स्त्रीलाही मिळेल तेव्हाच राजभाषेचे ते काम पूर्णत्वास गेले असे म्हणता येईल.